दहा मायक्रॉनचा वाद

गेल्या वर्षी एका संस्थेने आपल्या कपाटातल्या व्हिडिओ कॅसेटी बघायला मला बोलावलं. गोंधळ, भारूड, कीर्तन, तमाशा अशा कलांचं चित्रीकरण या संस्थेने १९९८-९९ पासून मोठ्या चिकाटीने केलेलं. मी पोचलो तेव्हा निवड होऊन गेली होती. टेबलाच्या एका कडेला डीव्हीकॅमच्या कॅसेटी रचून ठेवलेल्या, प्रत्येकीला क्रमांकाची चिठ्ठी लावलेली. खाली जमिनीवर पुठ्ठ्याचं एक खोकं आणि त्यात मिनीडीव्हीच्या दीडशेच्या आसपास छोट्या कॅसेटी ओतलेल्या. टेबलावरच्या ढिगासाठी संगणकावर उतरवण्याचा खर्च मंजूर झाला होता. खोक्याबद्दल ठरलं होतं, "जमलं तर बघू, नाहीतर काढून टाकू." कारण विचारलं तर उत्तर तयार होतं: "डीव्हीकॅम म्हणजे प्रोफेशनल. मिनीडीव्हीचं चित्र शेवटी लग्नाच्या शूटिंगच्या दर्जाचं."

हे उत्तर मी पंचवीस वर्षं ऐकत आलो आहे. कॅमेरे भाड्याने देणाऱ्या दुकानांत, एडिटिंगच्या खोल्यांत, नवख्या कॅमेरामनला दिल्या जाणाऱ्या उपदेशांत ते सारखं भेटायचं. मिनीडीव्ही लग्नाला, डीव्हीकॅम माहितीपटाला, डीव्हीसीप्रो चॅनलला, अशी उतरंड धंद्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी होती. सुरुवातीची काही वर्षं माझ्याही. टेपचा जमाना सरला, कॅमेरे कार्डावर आले, तरी ती उतरंड डोक्यातून गेली नाही. पूर्वी तिच्यामुळे फार तर कुणी चार पैसे जास्त मोजायचं. आज काय वाचवायचं आणि काय फेकायचं, हे ती ठरवू लागली आहे. म्हणून तिचा समाचार घेणं भाग आहे.

आपल्याकडची रीत अशी की समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचं आणि मग उत्तराला हात घालायचा. मीही तेच करतो.

पूर्वपक्ष

१९९५ साली अनेक कंपन्यांनी मिळून ठरवलेलं डीव्ही हे डिजिटल व्हिडिओचं स्वरूप बाजारात आलं. पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर रुंदीची फीत, आणि तळहातात मावणारी मिनीडीव्ही कॅसेट. त्याच पायावर पॅनासॉनिकने डीव्हीसीप्रो आणि १९९६ मध्ये सोनीने डीव्हीकॅम काढलं. दोन्ही व्यावसायिकांसाठी, दोन्ही महाग.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा इथूनच निघतो. एवढ्या मोठ्या कंपन्यांनी व्यावसायिकांसाठी वेगळं स्वरूप काढलं आणि जाणत्या लोकांनी त्याला जास्त पैसे मोजले, तर त्यात काही तरी सरस असणारच.

दुसरा मुद्दा ट्रॅकचा. फिरतं हेड फितीवर तिरक्या रेघा ओढत जातं. त्या रेघांना ट्रॅक म्हणतात. डीव्हीचा ट्रॅक १० मायक्रॉन रुंद, डीव्हीकॅमचा १५, डीव्हीसीप्रोचा १८. ट्रॅक रुंद म्हणजे त्यावर चित्र जास्त उतरणार. व्हीएचएसच्या काळात हा अनुभव सगळ्यांनी घेतलेला. व्हीएचएसवर एलपी लावून कॅसेट दुप्पट वेळ चालवली की चित्र मळकट व्हायचं, रंग कडेने ओघळायचे. फीत सावकाश फिरली, ट्रॅक अरुंद झाला, चित्र बिघडलं.

तिसरा मुद्दा डोळ्यांचा. डीव्हीकॅमवर शूट केलेलं काम खरोखरच बरं दिसायचं. चॅनलवाले ते घ्यायचे, मिनीडीव्हीला नाक मुरडायचे. इतक्या लोकांचे डोळे एकदम कसे चुकतील?

हा पूर्वपक्ष कच्चा नाही. दुसऱ्या मुद्द्यामागे तर पूर्ण ॲनलॉग युगाचा अनुभव उभा आहे. उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

ट्रॅकचं गणित

डीव्ही यंत्राचं ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला १५०. त्यावर रेकॉर्डिंगची दोन हेड. दर फेऱ्याला दोन ट्रॅक धरले तर सेकंदाला ३०० ट्रॅक होतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, तेव्हा एका फ्रेमच्या वाट्याला १२ ट्रॅक येतात. हा हिशेब डीव्हीत आहे आणि डीव्हीकॅममध्येही तोच आहे. ट्रॅकची संख्या वाढत नाही. बदलतो तो फितीचा वेग. डीव्हीत फीत सेकंदाला १८.८ मिलिमीटर सरकते, डीव्हीकॅममध्ये २८.२. हेड तेवढ्याच रेघा ओढतं, पण खालची फीत दीडपट वेगाने सरकत असल्याने रेघा दीडपट अंतरावर पडतात: १० मायक्रॉनचे १५ होतात. म्हणूनच ६० मिनिटांच्या मिनीडीव्ही कॅसेटवर डीव्हीकॅम लावलं की ती ४० मिनिटांतच संपते.

आता त्या ट्रॅकमध्ये काय लिहिलेलं असतं ते बघू. चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन पाडायचे, प्रत्येकाचं गणिती रूपांतर करायचं आणि साधारण पाचास एक या प्रमाणात आकसायचं. पालची एक फ्रेम यातून गेली की ध्वनीसह बरोबर १,४४,००० बाइट्सची होते. प्रत्येक ट्रॅकच्या वाट्याला १२,०००. चित्राचा ओघ सेकंदाला २५ मेगाबिट. हे आकडे डीव्हीत आणि डीव्हीकॅममध्ये एकच. आकसण्याची रीत एक, रंगाचे नमुने घेण्याची रीत एक. फितीपर्यंत पोचण्याआधीच चित्राचं जे बरंवाईट व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

व्हीएचएसचा दाखला इथे लागू पडत नाही, आणि त्याचं कारण नीट समजून घ्यायला हवं. ॲनलॉग फितीवर चित्राची लहरच चुंबकीय रूपात उमटते. तिच्यात फितीची खरखर मिसळली की ती चित्राचाच भाग होते. लहर कुठली आणि खरखर कुठली हे सांगायला मग काही उपाय उरत नाही. त्यामुळे तिथे ट्रॅकची रुंदी म्हणजे थेट चित्राचा दर्जा. डिजिटल फितीवर मात्र यंत्राला एकच प्रश्न सोडवायचा असतो: इथे शून्य आहे की एक? उत्तर बरोबर आलं की काम झालं. १० मायक्रॉनवरून नीट वाचलेला एक आणि १५ मायक्रॉनवरून नीट वाचलेला एक यांच्यात फरक शिल्लक राहत नाही.

पोथीचं उदाहरण घ्या. एकाने ज्ञानेश्वरी बारीक अक्षरात उतरवली, दुसऱ्याने ठसठशीत मोठ्या अक्षरात. मोठ्या अक्षराच्या पोथीला कागद जास्त लागला, ती जाड झाली, म्हाताऱ्या डोळ्यांना ती वाचायला सोपी. कसरीने भोक पाडलं तरी अक्षर ओळखू येईल एवढं शिल्लक राहील. पण ओव्या दोन्हींत त्याच. मोठ्या अक्षरातली ओवी अर्थाने मोठी होत नाही. डीव्हीकॅम ही मोठ्या अक्षरातली पोथी आहे.

पैठणीवरचा प्रयोग

गणित पटलं तरी डोळे मानत नाहीत, म्हणून मी विद्यार्थ्यांना एक प्रयोग करून दाखवत असे. सोनीचा पीडी१५० हा कॅमेरा २००० साली आला. त्याच्या मेन्यूत डीव्ही आणि डीव्हीकॅम असे दोन्ही पर्याय होते. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवायचा. समोर एक जुनी लाल पैठणी, जरीचे काठ आणि पदरावरचे मोर दिसतील अशी पसरायची. दिवे, फोकस, आयरिस, व्हाइट बॅलन्स सगळं हाताने ठरवून पक्कं करायचं. एक मिनिट डीव्हीत, एक मिनिट डीव्हीकॅममध्ये, असं आलटूनपालटून सहा वेळा घ्यायचं आणि मग क्रम न सांगता दाखवायचं. पुष्कळजण पहिल्या दोन तुकड्यांना ठामपणे उत्तर द्यायचे. चौथ्या-पाचव्यापर्यंत आवाज खाली यायचा. सहाच्या सहा बरोबर ओळखलेत असा विद्यार्थी मला भेटला नाही.

दुसरा प्रयोग याहून पक्का आहे. मिनीडीव्हीची कॅसेट एका यंत्रात लावायची, फायरवायरने, म्हणजे फितीवरचे आकडे जसेच्या तसे नेणाऱ्या वायरने, डीव्हीकॅमच्या डेकला जोडायची आणि तिची डीव्हीकॅम प्रत काढायची. मग मूळ आणि प्रत दोन्ही संगणकावर घ्यायच्या, एकावर एक ठेवायच्या आणि दोन चित्रांमधला फरक तेवढा दाखव असं सॉफ्टवेअरला सांगायचं. वाचनात चूक झाली नसेल तर पडदा निव्वळ काळा राहतो. प्रकाश कितीही वाढवून पाहा, एक ठिपकासुद्धा उजळत नाही. ती पैठणी, तो काठ, तो मोर वजा होऊन शून्य उरलेलं असतं. हा काळा पडदा मी दाखवतो तेव्हा वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही.

ओलं सरपण

मग इतक्या जाणत्यांना डीव्हीकॅमचं चित्र बरं का दिसलं? त्यांचे डोळे बरोबर होते; कारण चुकीच्या ठिकाणी शोधलं गेलं.

न्यायशास्त्रात यासाठी नेमका शब्द आहे: उपाधी. 'जिथे अग्नी तिथे धूर' असं कुणी म्हणालं तर नैयायिक त्याला थांबवतो. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराचं खरं कारण ओलं सरपण. चुलीपाशी अग्नी आणि ओलं सरपण नेहमी जोडीने दिसतात, म्हणून आपण धूर अग्नीच्या नावावर टाकतो. 'जिथे डीव्हीकॅम तिथे चांगलं चित्र' या व्याप्तीतही असंच ओलं सरपण दडलेलं आहे. डीव्हीकॅमचे कॅमेरे बहुतेक वेळा मोठे असायचे. त्यांत अर्ध्या किंवा दोन तृतीयांश इंचाचे तीन सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणारे सेन्सर, असायचे, बदलता येणारी चांगली लेन्स असायची, हाताने चालवायचं आयरिस असायचं. हौशी मिनीडीव्ही हँडीकॅममध्ये नखाएवढा एकच सीसीडी आणि सगळं काही ऑटोवर. शिवाय मोठा कॅमेरा ज्याच्या खांद्यावर, त्याच्यापाशी दिवे होते, साउंड घेणारा माणूस होता आणि स्वतःचा सराव होता. इतकं सगळं एकत्र आल्यावर उजळलेल्या चित्राचं श्रेय कॅसेटवरच्या अक्षरांना मिळालं.

व्यतिरेकाने तपासून बघू. पीडी१५० चा जुळा भाऊ म्हणजे सोनीचाच व्हीएक्स२०००. दोन्ही २००० सालचे, दोघांत एक तृतीयांश इंचाचे तीन सीसीडी, लेन्सही त्याच घडणीची. एक डीव्हीकॅम लिहू शकायचा, दुसरा फक्त डीव्ही. सरपण सारखं ठेवलं आणि धूर सारखाच निघाला.

उलट बाजूने आणखी मोठा दाखला डेन्मार्कमधून मिळतो. थॉमस विंटरबर्गचा 'फेस्टेन' १९९८ मध्ये आला. तो सोनीच्या हातात मावणाऱ्या छोट्या मिनीडीव्ही हँडीकॅमवर घेतलेला, पुढे ३५ मिलिमीटर फिल्मवर उतरवलेला. त्याच वर्षी त्याला कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं. छायाचित्रण अँथनी डॉड मँटलचं. पुढे डॅनी बॉइलचा २००२ चा '२८ डेज लेटर' त्याने कॅननच्या एक्सएल१ मालिकेतल्या मिनीडीव्ही कॅमेऱ्यांवर घेतला, अखेरीचा थोडा भाग तेवढा फिल्मवर. पहाटेचं निर्मनुष्य लंडन थोडक्या वेळात अनेक कोनांतून टिपायचं होतं आणि छोटे कॅमेरे झटकन मांडता येत होते. आपल्या मुंबईत चित्रित झालेल्या 'स्लमडॉग मिलिअनेर'साठी २००९ मध्ये छायाचित्रणाचं ऑस्कर घेणारा छायाचित्रकार तो हाच. मिनीडीव्हीला लग्नाच्या दर्जाचं म्हणणाऱ्यांनी 'फेस्टेन'मधला मेणबत्तीच्या उजेडातला दाणेदार अंधार एकदा बघावा. दर्जा कॅमेरा धरणाऱ्या हाताचा असतो, आणि मिनीडीव्हीने त्या हाताला कुठेही दगा दिला नाही.

डीव्हीसीप्रोची गोष्ट तर उतरंडच विस्कटून टाकते. पाल पद्धतीत डीव्ही आणि डीव्हीकॅम रंगाचे नमुने ४:२:० रीतीने घेतात: आडव्यात ३६०, उभ्यात २८८. डीव्हीसीप्रो ४:१:१ घेतं: आडव्यात १८०, उभ्यात पूर्ण ५७६. एकूण नमुने तेवढेच, मांडणी निराळी. म्हणजे उतरंडीत सगळ्यात वर बसवलेल्या स्वरूपात रंगाचा आडवा तपशील मिनीडीव्हीच्या निम्मा. वारंवार एडिटिंग आणि प्रतींवर प्रती होताना उभ्या दिशेला रंग ढळू नये म्हणून केलेली ती निवड होती आणि बातम्यांच्या कामाला ती शहाणपणाची होती. पण "डीव्हीसीप्रोचं चित्र वरचं" असं सरसकट म्हणणाऱ्याने कुठल्या दिशेने वरचं, तेही सांगायला हवं.

शंका आणि समाधान

यावर शंका येईल: मग सगळी डिजिटल स्वरूपं सारखीच म्हणायची का?

मुळीच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की फरक जिथे आहे तिथे तो दाखवावा. सोनीचं डिजिटल बीटाकॅम १९९३ मध्ये आलं. त्यात रंगाचे नमुने ४:२:२, म्हणजे प्रत्येक ओळीत ३६० आणि ओळी पूर्ण ५७६. प्रत्येक नमुना १० बिटांचा: उजेड-अंधाराच्या १,०२४ पायऱ्या, जिथे डीव्हीत २५६. ओघ सेकंदाला सुमारे ९० मेगाबिट. इथे फितीवर लिहिलेला मजकूरच वेगळा, त्यामुळे चित्रही वेगळं. डीव्हीसीप्रो५० मध्येही ५० मेगाबिट आणि ४:२:२ असल्याने हेच लागू.

हा फरक कुठे दिसतो ते आपल्या लग्नमंडपात उभं राहून बघावं. नवरीच्या कपाळावरचं कुंकू, हातातला हिरवा चुडा, हळदीचा पिवळा, आणि या सगळ्यांवर हॅलोजनचा उजेड. डीव्हीत कुंकवाची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते, कारण रंगाचा तपशील उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्मा आहे. मुंडावळ्यांच्या मोत्यांभोवती बारीक किडे वळवळल्यासारखं दिसतं. एवढा सूक्ष्म तपशील ठरावीक बाइट्समध्ये बसवताना गणिताची ओढाताण झालेली असते. ही डीव्हीची खरी मर्यादा. ती मी झाकत नाही. पण डीव्हीकॅमवर घेतलं तरी कुंकवाची कड तशीच पायऱ्यांची येणार आणि मोत्यांभोवतीचे किडेही तेच असणार. ज्याला हे टाळायचं होतं त्याने डिजिटल बीटाकॅमकडे जायला हवं होतं. डीव्हीकॅमकडे जाऊन हे टळलं असं तो समजत असेल, तर त्याने भलत्याच गोष्टीचे पैसे मोजले.

उलट फसगत एचडीव्हीने केली. २००३ मधलं हे स्वरूप त्याच मिनीडीव्ही कॅसेटवर, त्याच वेगाने, त्याच २५ मेगाबिट ओघात १४४० बाय १०८० बिंदूंचं चित्र बसवतं. पालच्या डीव्हीत ७२० बाय ५७६ बिंदू. म्हणजे पावणेचारपट बिंदू तेवढ्याच जागेत. हे साधतं कारण प्रत्येक फ्रेम स्वतंत्र लिहिलीच जात नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ पद्धतीत बारा फ्रेमचा एक गट धरतात, त्यातली एक पूर्ण आणि बाकीच्यांचे फक्त बदल. डीव्हीवर फितीचा एक कण उडाला तर एका फ्रेमचा तुकडा जातो, सेकंदाचा पंचविसावा भाग. एचडीव्हीवर तोच कण मोक्याच्या जागी उडाला तर जवळजवळ अर्धा सेकंद बिघडू शकतो. म्हणजे कॅसेट एकच, तरी चित्र वेगळं आणि धोकाही वेगळा. कॅसेटच्या आकारावरून किंवा नावावरून दर्जा ठरवण्याची सवय दोन्हीकडून अंगाशी येते.

दुसरी शंका: चित्र एकच असेल तर रुंद ट्रॅकला कशासाठी पैसे मोजायचे?

या शंकेच्या उत्तरातच माझा पक्ष आहे.

मंडन

२००४ च्या हिवाळ्यात सिंधुदुर्गातल्या एका गावच्या जत्रेत मी दशावतार शूट करायला गेलो. रात्री उशिरा गणपती आला, रिद्धी-सिद्धी नाचल्या, संकासुराने लोकांना हसवलं, मग मुख्य आख्यान पहाटेपर्यंत चाललं आणि शेवटी दहीकाला झाला. मध्यरात्री लक्षात आलं की आणलेल्या कॅसेटी पुरणार नाहीत. मिनीडीव्हीत एलपी नावाची सोय होती: फीत आणखी सावकाश फिरायची, ६० मिनिटांची कॅसेट ९० मिनिटं चालायची. मी शेवटच्या दोन कॅसेटींसाठी एलपी लावला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर चित्रात काडीचा फरक नव्हता. असणार कसा? बाइट्स त्याच होत्या. फक्त ट्रॅक १० मायक्रॉनऐवजी पावणेसातचा झाला होता.

सहा वर्षांनी तो कॅमेरा कायमचा बंद पडला. दुसऱ्या यंत्रात सुरुवातीच्या कॅसेटी बिनबोभाट चालल्या. एलपीवरच्या दोन लावल्या आणि पडदा चौकोनांनी भरून गेला. राजाच्या मुकुटाचा अर्धा भाग आधीच्या फ्रेममधला, अर्धा आत्ताचा; मृदंगाचा आवाज तुटक, मध्येच गुडूप. दहीकाल्याची पहाट त्या फितीवर शाबूत होती, पण ती नीट वाचू शकणारं हेड जगात एकच होतं आणि ते मी भंगारात दिलं होतं.

ट्रॅकच्या रुंदीचं मोल हे असं असतं. माणसाच्या केसाच्या जाडीत डीव्हीचे सहासात ट्रॅक मावतात. प्रत्येक यंत्राची जुळणी उन्नीस-बीस असते, फीत उष्णतेने आणि वर्षांनी किंचित ताणते-आकसते. हेड दोन-चार मायक्रॉन बाजूला सरकलं की अरुंद ट्रॅकवरचं वाचन डळमळतं. रुंद ट्रॅकवर तेवढी चूक पोटात घालता येते. वाचनात चुका झाल्या तर त्या दुरुस्त करायला १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन यांनी मांडलेल्या सांकेतिक पद्धतीचा आधार असतो. सीडीतही तीच पद्धत आहे. चुका मर्यादेत आहेत तोवर चित्र जसंच्या तसं परत मिळतं. मर्यादा ओलांडली की यंत्र हात टेकतं आणि आधीच्या फ्रेमचा चौकोन तिथे चिकटवून देतं. ॲनलॉग चित्र हळूहळू मळत जायचं. डिजिटल चित्र शेवटपर्यंत ताजं दिसतं आणि मग एकदम कडा कोसळतो. रुंद ट्रॅक तुम्हाला त्या कड्यापासून चार पावलं आत ठेवतो.

डीव्हीकॅमच्या इतर गुणांचं मोलही याच जातीचं आहे. त्यात ध्वनी चित्राला बांधलेला असतो: ४८ किलोहर्ट्झवर दर फ्रेमला बरोबर १,९२० नमुने, एक कमी नाही की जास्त नाही. डीव्हीत थोडी ढिलाई चालायची. डीव्हीसीप्रोने धातूच्या वाफेचा थर दिलेल्या फितीऐवजी धातुकणांची दणकट फीत घेतली आणि कंट्रोल ट्रॅक वेगळा ठेवला, कारण बातमीच्या खोलीत एक कॅसेट दिवसभर पुढेमागे पळत असते. हे सगळे गुण टिकण्याचे, वापराचे, एका यंत्रातून दुसऱ्यात जाण्याचे आहेत. व्यावसायिकांनी जास्तीचे पैसे मोजले ते योग्यच केलं. त्या पैशांत त्यांनी खात्री विकत घेतली. तिला दर्जा हे नाव पुढे विक्रेत्यांनी आणि आपण सगळ्यांनी मिळून चिकटवलं.

उलटी यादी

आता त्या टेबलाकडे आणि खोक्याकडे पुन्हा बघू. दोन्ही ढिगांत चित्राचा मजकूर एकाच दर्जाचा. त्यातला एक ढीग १५ मायक्रॉनचा, म्हणजे आणखी काही वर्षं कळ काढू शकेल असा. दुसरा १० मायक्रॉनचा, त्यात काही पावणेसातचे, आपल्याकडच्या दमट पावसाळ्यांत वीस-पंचवीस वर्षं काढलेले. सशक्त ढिगाला आधी दवाखान्यात नेण्याचं ठरलं होतं आणि अशक्ताला उकिरड्यावर. दर्जाच्या चुकीच्या समजुतीने प्राधान्यक्रम नेमका उलटा केला होता. चित्र समान असेल, तर आधी उतरवायचं ते लवकर मरणारं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच चुंबकीय फितींसाठी २०२५ ही मुदत सांगितली होती. तोवर न उतरवलेलं बहुतेक हातचं जाईल असा त्यांचा इशारा होता. फितीपेक्षाही ती वाचणारी यंत्रं आधी संपत आहेत.

उतरवण्याची रीतही याच समजुतीमुळे बिघडते. मिनीडीव्ही हलकं समजलं की माणूस लाल-पांढरी-पिवळी वायर लावून डीव्हीडीवर उतरवून मोकळा होतो. त्यात फितीवरचे आकडे आधी ॲनलॉग लहरीत बदलतात, मग दुसऱ्या रीतीने पुन्हा आकसले जातात, दोनदा नुकसान. यूएसबीची वायर लावली तर बहुतेक हँडीकॅम मेमरी कार्डावरचे फोटो किंवा हलक्या प्रतीचं चित्र देतात. रस्ता एकच: फायरवायर, आणि फितीवरच्या बाइट्स जशाच्या तशा. डीव्हीकॅमचा चांगला डेक हाताशी असेल तर मिनीडीव्हीच्या एसपी, म्हणजे नेहमीच्या वेगाने घेतलेल्या, कॅसेटी त्यात जरूर लावाव्यात. एलपी मात्र सगळे डेक वाचत नाहीत. वाचनात चौकोन येत असतील तर तीच कॅसेट दोन-तीन यंत्रांवर पुन्हा पुन्हा घ्यावी. डीव्हीरेस्क्यू नावाचं मुक्त सॉफ्टवेअर प्रत्येक वाचनातले शाबूत तुकडे वेचून एक प्रत जुळवतं. माझ्या दशावताराच्या दोन कॅसेटींतला बराच भाग असाच परत मिळाला. दहीकाल्याची शेवटची काही मिनिटं मात्र कुठल्याच यंत्राला वाचता आली नाहीत.

जागेची सबबही टिकत नाही. तासाभराची डीव्ही कॅसेट जशीच्या तशी उतरवली तर १३ जीबी होते. दीडशे कॅसेटी तासातासाच्या धरल्या तरी २ टीबीच्या एका डिस्कवर मावतात. ती डिस्क खिशात बसते. सुरक्षेसाठी दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवली तरी खर्च त्या चित्रीकरणाला तेव्हा लागलेल्या एसटीभाड्यापेक्षा फार नसेल.

हे सगळं मी त्या संस्थेत त्याच टेबलापाशी उभं राहून सांगितलं, एवढ्या विस्ताराने नाही तरी मुद्दे हेच. काळ्या पडद्याचा प्रयोग लॅपटॉपवर दाखवला. त्यांनी आक्षेप घेतले, मी उत्तरं दिली, मधे दोनदा चहा झाला. मग आम्ही खोकं टेबलावर रिकामं केलं आणि एकेका कॅसेटची चिठ्ठी वाचायला बसलो. चौदा कॅसेटींवर पेन्सिलीने "९० मि." लिहिलेलं सापडलं. त्या यादीत पहिल्या गेल्या, त्यांच्यानंतर बाकीच्या मिनीडीव्ही, आणि डीव्हीकॅमच्या रचून ठेवलेल्या कॅसेटी सगळ्यांत शेवटी.